चार पूर्णांक तीन व्होल्ट

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात डॉ. पुष्कर दाणी दहा वर्षं एकच काम करत आला होता : बिघडलेल्या वीजमॉड्यूलांचे दोष शोधणं. एखाद्या गाडीचं मॉड्यूल दगावलं की ते त्याच्या टेबलावर येई आणि आठ टप्प्यांचा अहवाल होऊन परत जाई. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, ऐन दसऱ्याच्या मुहूर्तावर, काडेपेटीएवढ्या एका मॉड्यूलने मान टाकावी, यात नियतीचा काही गूढ हेतू असावा असं त्याला वाटलं. त्याच्या बायकोला, क्षितिजाला, नुसतीच गंमत वाटली.

क्षितिजाची आई, सुलेखाताई, लग्नाआधी रेडिओवर गात असत. बाविसाव्या वर्षी गायलेल्या एका भावगीताची टेप पुण्यात क्षितिजाच्या भावाला, मल्हारला, माळ्यावर सापडली होती. त्याने ती संगणकात उतरवून फाईल धाडली, तेव्हा सुलेखाताई तीन महिन्यांसाठी लेकीकडे नुकत्याच आल्या होत्या. लॅपटॉपवर बटण दाबलं असतं तर काम चार मिनिटांत उरकलं असतं. पण पुष्करने हात आडवा घातला. लॅपटॉपच्या त्या पत्र्यातून आईंचा आवाज ऐकायचा, ही कल्पनाच त्याला असह्य झाली. सुटे भाग मागवून तो स्वतःच्या हातांनी डॅक बांधणार होता. संगणकातल्या आकड्यांच्या रांगांमधून पुन्हा स्वर उकलणारं यंत्र. तोवर फाईल कुणीही उघडायची नाही, असा फतवा निघाला. सुलेखाताईंनी जावयाच्या शब्दाला मान दिला, आणि आयुष्यात एकदाच कानी पडलेला आपला तरुण आवाज आणखी अकरा आठवडे ऐकला नाही.

आता रविवारी त्यांचं विमान होतं.

सुटे भाग श्वार्त्सवाल्डच्या जंगलपट्ट्यातल्या एका खेड्यातून आले होते. हेर, म्हणजे श्रीयुत, ओटनबाखर नावाचे निवृत्त अभियंते तिथे घराच्या तळघरात बसून असे संच जुळवत आणि प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली सूचनापत्रिका घालत. बुधवारी, खंडेनवमीच्या दुपारी, पुष्करने डॅकला वीज पुरवणाऱ्या मॉड्यूलमध्ये वीज सोडली. मापकावर नेमके पाच व्होल्ट उमटले. आकडा इतका निश्चल, की एखाद्या तळ्याकडे पाहावं तसा तो त्याच्याकडे पाहत राहिला. संध्याकाळी घरातल्या सगळ्या हत्यारांची रीतसर पूजा झाली, सायकलीपासून राइस कुकरपर्यंत. गुरुवारी झेंडूचं तोरण लागलं, श्रीखंड झालं, आणि मुहूर्त पाहून पुष्करने डॅकचं बटण दाबलं.

स्पीकरमधून कट् असा आवाज आला आणि मग दीर्घ, सुसंस्कृत शांतता पसरली. मापकावर चार पूर्णांक तीन होते.

शुक्रवारी जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद, टपाल बंद. नवं मॉड्यूल मिळणं अशक्य. पुष्करने वही उघडली आणि दर दहा मिनिटांनी व्होल्टेजची नोंद सुरू केली. सकाळी चार पूर्णांक तीन, अकराला चार पूर्णांक सात. आशेला पालवी फुटते न फुटते तोच पावणेएकला आकडा धाडकन तीन पूर्णांक नऊवर कोसळला. या चढउतारात त्याला एका आजारी जिवाचा श्वास जाणवू लागला. दोष इमारतीच्या वीजपुरवठ्यात असावा, असा त्याने तर्क केला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात गाठून त्यांचं कपडे धुण्याचं वेळापत्रक विचारलं. त्यांनी ते दिलं, पण त्यानंतर त्या दाराला आतून साखळी लावू लागल्या. मग त्याला आढळलं की आकडा कोसळतो तेव्हा टेबलालगतच्या ओट्यावर भाताचा कुकर चालू असतो. कुकरने वीज खेचल्याचा हा परिणाम, असा निष्कर्ष काढून त्याने भातावर बंदी घातली. सुलेखाताईंनी निमूटपणे पाव खाल्ला.

“कारखान्यात पण असंच करतोस का रे?” क्षितिजाने विचारलं. “की तिथे निदान जेवू देतात?”

मग तिने मोबाईल पुढे केला. तिचं म्हणणं साधं होतं : आई परवा चालली, गाणं आत्ता ऐकव आणि तुझं यंत्र सावकाश दुरुस्त कर. पुष्करने मोबाईलकडे असं पाहिलं की तिने तो परत खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने हेर ओटनबाखरांना ईमेलने पत्र धाडलं, आठ टप्प्यांचं, तेवीस पानी, बारा छायाचित्रांसह. दोष पुरवठादाराकडचा आहे, हे त्याने संयत पण निर्दय जर्मनमध्ये सिद्ध केलं होतं. ‘मॉड्यूल ठीक चालत होते तेव्हापासून त्यात काय बदलले?’ या ठरलेल्या प्रश्नापुढे त्याने ठाम अक्षरांत लिहिलं होतं : काहीही नाही.

शनिवारी सकाळी उत्तर आलं.

‘अतिशय सन्माननीय हेर डॉक्टर दाणी, इतका सखोल अहवाल मला चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नाही. सातव्या छायाचित्रात, व्होल्टेज ठरवणाऱ्या दोन रेझिस्टरांवर, लाल-पिवळा लेप आणि तांदळाचा एक दाणा दिसतो. हे भाग माझ्या यादीत नाहीत. आपण ते कुठून घेतलेत?’

पुष्करने मॉड्यूलकडे पाहिलं. बोटाने टेकवलेलं हळदीकुंकू आणि त्यावर रुतलेली एक अक्षत, बुधवारपासून त्याच्या डोळ्यांदेखत तिथेच होती. भिंगातून त्याने ती निदान पन्नास वेळा पाहिली असेल. पण नव्या वस्तूवर कुंकू असायचंच. ते नसतं तर कदाचित त्याच्या नजरेला खटकलं असतं. आता सगळं लख्ख उलगडलं. ओलसर कुंकवाने दोन रेझिस्टरांच्या मध्ये विजेला एक चोरवाट करून दिली होती. ते सुकू लागलं की आकडा वर चढे. भाताची वाफ लागली की पुन्हा खाली येई. कुकर निर्दोष होता. खालच्या बाई तर त्याहून निर्दोष.

त्याने बाटलीतून स्पिरिट काढलं, जुना टूथब्रश घेतला, आणि तिथेच त्याचा हात अडला. पूजेचं कुंकू पुसायचं, तेही सासूबाईंनी लावलेलं, आणि त्या दारात उभ्या.

“आई, हे जरा काढावं लागेल,” तो अपराध्यासारखा म्हणाला. “यामुळेच अडलंय.”

“मला गुरुवारीच कळलं होतं,” सुलेखाताई म्हणाल्या.

पुष्करने टूथब्रश खाली ठेवला.

“अहो पुष्करराव, पूजेला मांडलेलं हत्यार उत्तरपूजा केल्याशिवाय हाती घेतात का? तुम्ही तर थेट बटणच दाबलंत. ते कसं चालेल?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही डॉक्टर. आणि मी तर बुधवारीही म्हटलं होतं, यंत्राच्या डब्याला लावते. तुम्हीच म्हणालात, डबा अजून आला नाही, इथे मधोमध लावा, जागा मोकळी आहे.”

हे खरं होतं. त्याने स्वतः बोटाने जागा दाखवली होती.

उत्तरपूजेत ओल्या अक्षता मात्र नकोत, एवढी एकच विनवणी त्याने केली. सुलेखाताईंनी मग कोरड्या अक्षता टेबलावर वाहिल्या, मॉड्यूल दोन बोटांनी तसूभर हलवलं, पुटपुटल्या, आणि आता पुसा म्हणून मोकळ्या झाल्या. स्पिरिटचा उग्र दर्प पसरला. पांढऱ्या फडक्यावर लाल डाग उतरला. मापकावर पाच पूर्णांक शून्य शून्य आले आणि स्थिरावले. नेमका कुणाचा उपाय लागू पडला, यावर क्षितिजा काही बोलणार होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने कुकर लावला.

मग गाणं सुरू झालं. खोलीत एक बावीस वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली, इतका तो आवाज निकट होता. शब्द उच्चारण्याआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. सुलेखाताई डोळे मिटून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. शेवटच्या कडव्यात, वरच्या षड्जावर चढताना, आवाज किंचित थरथरला आणि सुराच्या अलीकडेच थबकला. पुष्करने झटकन मापक टेकवून पाहिलं. पाच पूर्णांक शून्य शून्य.

“टेप जुनी आहे, आई. ताणली गेली असणार,” तो म्हणाला.

“टेप नाही, ती मी आहे. घाबरले होते.” सुलेखाताईंनी डोळे उघडले. “सगळ्यांना सांगत आले, रेडिओ केंद्रातलं यंत्र नेमकं तिथे बिघडलं म्हणून. तुमच्या सासऱ्यांना तर लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.”

पुष्करला एकाएकी सासूबाई फार जवळच्या वाटल्या. त्याच्या तेवीस पानी अहवालाला इतका समंजस वाचक दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि पदर सावरला.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. “ती जागा आली की मी बोट वर करीन. तेव्हा आवाज बारीक करायचा, आणि मी खूण केली की परत मोठा.”

डॉ. पुष्कर दाणी आवाजाच्या बटणावर दोन बोटं ठेवून, मापकाकडे पाठ फिरवून, सासूबाईंच्या बोटाकडे टक लावून बसला.