किन्हीराजाचा फाटा

तौकीरने चित्रण मागे नेलं आणि तोच फाटा पुन्हा पडद्यावर आला. नरेंद्रची गाडी तो ओलांडून सरळ निघून गेली.

"तू किन्हीराजाले चालला होता ना? मंग फाटा काहून सोडला?"

नरेंद्र खुर्चीत सावरून बसला. गाडी चालवताना लोकांचं लक्ष कशाकशाने उडतं, याचा वाशीम जिल्ह्यातल्या खऱ्या रस्त्यांवर अभ्यास करायचा होता आणि दोघांनीही आपापला आराखडा दिला होता. नरेंद्रचं म्हणणं, ड्रायव्हरशेजारी माणूस बसवा. मन कुठे आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. तौकीरचं म्हणणं, शेजारी कोणी बसलं की जो तो साळसूद होतो. ज्याच्या त्याच्या गाडीत कॅमेरा लावा आणि विसरून जा. विभागप्रमुख रत्नमाला मॅडमनी तौकीरचा आराखडा उचलला, वर सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून नरेंद्रच्या पोटात जे दुखू लागलं ते ओव्याने थांबणारं नव्हतं. दसऱ्याला जीपवाल्या किसनसिंगच्या बायकोने गाडीबरोबर कॅमेऱ्यालाही हळदकुंकू लावलं आणि पुढचं सगळं चित्रण लालभडक आलं, तेव्हा त्याने मनातल्या मनात पेढे वाटले होते.

आता पडद्याच्या अर्ध्या भागात समोरचा रस्ता होता आणि अर्ध्यात त्याचाच चेहरा. चाचणीसाठी एक कॅमेरा त्याच्याही गाडीत लावला होता, आणि तो खरोखरच विसरून गेला होता.

"मोबाईल नाही, तंबाखू नाही, नजर बी रस्त्यावरच," तौकीर म्हणाला. "तरी तुले ना फाटा दिसला, ना हे बुढी."

काठी टेकत रस्ता ओलांडणारी एक म्हातारी दचकून मागे सरली आणि कडेच्या गवतात कोसळली. नरेंद्र तिला आज पहिल्यांदा पाहत होता. त्या दिवशी त्या रस्त्याने जाताना, तौकीर कसा तोंडघशी पडेल याचीच चित्रं तो रंगवत होता.

तौकीरने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुयंच बरोबर होतं, यार. कॅमेऱ्याले मन दिसत नाही. मी मॅडमले सांगतो, आराखडा बदलू, तुयं नाव पयले टाकू. पयलं उदाहरण हेच देऊ. फक्त सांग, तवा काय विचार करून राह्यला होता?"

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून आलं होतं. घास तेवढा घशाखाली उतरेना.

"सांग ना. घरचं काही होतं?"

"हो," नरेंद्र म्हणाला. "घरचंच."

तौकीरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मले सांगाचं होतं ना. मी बसलो असतो तुया शेजारी."