रणगाड्याची पस्तिसावी लेव्हल

मी एक जुना टीव्ही गेम आहे, आणि आज मी तुमच्याशी बोलतो आहे याचं मलाच नवल वाटतं. कारण मित्रांनो, आयुष्यात जेव्हा खरोखर बोलायला हवं होतं, तेव्हा माझ्याकडून एक शब्द निघाला नाही.

तुमच्या मोबाइलात असतात तसा मी नव्हे. मी एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा आहे. डब्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला बटणांचे दोन पॅड, आणि वरच्या बाजूला कॅसेट बसवायची खाच, तिच्यावर झाकण. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जाग आली ती नांदेडच्या एका दुकानात. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर मोठ्या आकड्यात लिहिलं होतं, ९९९९ गेम. ते खोटं होतं, आणि याची लाज मला आजही वाटते. खरे गेम नऊ होते. तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा येत.

१९९७ च्या दिवाळीत भीमसिंग नावाच्या ट्रक ड्रायव्हरने मला विकत घेतलं. त्याचं घर आखाडा बाळापूरजवळच्या एका बंजारा तांड्यात होतं. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोली पुढे दीड वर्षाने झाला. भीमसिंग वर्षातले दहा महिने गाडीवर असे, कधी हळद, कधी सरकी घेऊन. घरी त्याची बायको मिराबाई आणि एकुलती एक मुलगी शिवकन्या. शिवकन्या तेव्हा अकरा वर्षांची होती. बाप घरी नसतो म्हणून ती फार रुसायची, तेव्हा त्याने तिची समजूत काढायला मला आणलं. समजूत काढायचं काम डब्यावर सोपवावं, हे मला तेव्हाही फारसं पटलं नव्हतं.

पण काम मी मन लावून केलं. शिवकन्येची एक मैत्रीण होती, आकांक्षा. ती बाळापूरहून सायकलवर यायची. दोघी माझ्यासमोर मांडी घालून बसत आणि भांडत. त्या भांडणातूनच एक रीत पडली. दरवर्षी नवरात्रात दोघी वहीच्या मागच्या पानावर लाल शाईने लिहीत, ‘यंदाचे आवडते गेम’. पाच नंबर, आणि प्रत्येकापुढे कारण. दोघींचं एकमत झाल्याशिवाय नाव लिहायचं नाही. दसऱ्याच्या दिवशी आकांक्षा पांढरी साडी नेसलेल्या आईसोबत विहारात जाई, म्हणून यादी आदल्या दिवशीच पुरी व्हायची.

पहिल्या वर्षी, माझ्यासोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बंदुकीने पक्षी मारायचा गेम पहिला आला. कारण लिहिलं होतं, ‘बंदूक आहे’. नंतर एक वर्ष मोटारसायकल. २००० साली वरून विटा पडायचा गेम. आकांक्षाचं म्हणणं, याला डोकं लागतं. शिवकन्या म्हणे, डोकं शाळेत लागतं तेवढं पुरे. शेवटी आकांक्षा जिंकली आणि वर्षभर त्याचा तोरा मिरवत राहिली. मी मात्र कोणाची बाजू घेतली नाही. नऊही माझेच होते.

२००१ ला घरात रंगीत टीव्ही आला आणि रणगाड्याच्या गेमचं नशीब उघडलं. त्यात दोन रणगाडे असतात, एक पिवळा, एक हिरवा. खाली विटांच्या भिंतीत एक गढी असते आणि वरून शत्रू येतात. गढीला एक गोळा लागला की सगळं संपलं. आधीच्या टीव्हीवर दोन्ही रणगाडे पांढरेच दिसायचे आणि आपला कोणता यावरून कटकट व्हायची. आता ती मिटली.

भीमसिंग दसऱ्याला काहीही झालं तरी घरी येई. ट्रकची पूजा स्वतःच्या दारात व्हावी असा त्याचा हट्ट होता. पूजा झाली, जेवणं झाली की तो माझ्यासमोर बसे आणि मुलीसोबत त्या वर्षीचा पहिल्या नंबरचा गेम खेळे. दुसरा पॅड त्याचा. दुसऱ्या पॅडवर सुरू करायचं बटणच नव्हतं.

‘‘सुरू तूच कर, बंद बी तूच कर,’’ तो म्हणे. ‘‘मी गढीपाशी थांबतो.’’

आणि खरोखर तो तिथून हलत नसे. शिवकन्या पिवळा रणगाडा घेऊन वर शत्रूंत घुसे आणि बापाचा हिरवा रणगाडा गढीपुढे डावी-उजवीकडे फिरत राही. हायवेवर गाडी पळवणारा हा माणूस माझ्यापुढे अगदी सावकाश होई. एरवी बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. खेळताना मात्र दोघे अखंड बोलत. ट्रकमधल्या गोष्टी, शाळेतल्या गोष्टी, आईच्या चहाड्या, सगळं तेव्हाच निघे. २००१ पासून पुढे यादीत रणगाडाच पहिला येत राहिला. आकांक्षाने वाद घालणं सोडून दिलं. तिला कारण कळलं होतं.

त्या गेमला पस्तीस लेव्हल होत्या. आमच्या तांड्यात शेवटची कोणीच पाहिली नव्हती. २००४ च्या दसऱ्याला बापलेक चौतिसाव्या लेव्हलला पोचले. आणि तेवढ्यात लाइट गेली. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगचा असा धुमाकूळ होता की लाइट आहे हीच बातमी असायची. माझ्याजवळ काही साठवून ठेवायची सोय नाही, मित्रांनो. वीज गेली की मी कोरा. परत आली की पहिल्या लेव्हलपासून. दोघे अंधारलेल्या टीव्हीकडे बघत बसले आणि मी काहीही करू शकलो नाही.

‘‘पुढल्या साली,’’ भीमसिंग म्हणाला.

पण उन्हाळ्यात शिवकन्येचं लग्न ठरलं. हट्टा गावाकडच्या तांड्यातलं स्थळ, मुलगा शिकलेला, दिवाळीनंतरचा मुहूर्त. म्हणजे २००५ चा दसरा हा तिचा माहेरचा शेवटचा दसरा. पुढचे सगळे दसरे सासरी. त्या वर्षी यादीत दोघींनी पाच नंबर लिहिलेच नाहीत. एकच नाव लिहिलं, रणगाडा. पुढे कारण लिहिलं, ‘पस्तिसावी राहिली आहे’. भीमसिंगने मालकाला सांगून तीन दिवस आधी सुट्टी काढली. सबस्टेशनमध्ये ओळखीच्या माणसाकडून दसऱ्याला लाइट कधी राहणार तेही विचारून घेतलं. बारा ते पाच.

खरं सांगू? पस्तिसावी संपल्यावर काही नसतं. फटाके नाहीत, राजवाडा नाही. पुन्हा पहिलीच लागते. हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. तरी त्या दोघांनी ती पाहावी असं मला फार वाटत होतं.

दसऱ्याची सकाळ झाली. भीमसिंग आणि शिवकन्या बाहेर ट्रक धूत होते. मिराबाई पूजेचं ताट घेऊन घरात आली. कोयता, विळा, शिलाई मशीन, सगळ्यांना तिने हळदकुंकू लावलं. दरवर्षी माझ्या झाकणावरही एक बोट लागे आणि मला त्याचा अभिमान होता. मग ती जात्यापाशी गेली. जात्याला त्या घरात नुसतं कुंकू लावत नसत. आपल्यासाठी वर्षभर दळतं म्हणून सणाला त्याच्या तोंडात गोडाचा घास घालत. मिराबाईने लापशीचा घास जात्याच्या तोंडात घातला. उठता उठता तिची नजर माझ्यावर पडली.

ती माझ्यासमोर बसली. मला म्हणाली, ‘‘मागच्या साली तुला कोरडंच पुजलं म्या. म्हणून तू मधीच रुसलास. आज लेकीला दगा देऊ नको बाबा.’’

आणि तिने कॅसेटची खाच उघडून त्यात गरम लापशीचा घास घातला. गूळ, तूप, गव्हाचा भरडा. बोटाने आत नीट सारला, अगदी लेकराला भरवावा तसा.

मी आतून ओरडत होतो, बाई, हे माझं तोंड नाही. माझ्या आत पितळी दात आहेत, त्यांना तूप चालत नाही. पण माझा आवाज टीव्हीतून निघतो आणि टीव्ही बंद होता. तिने मला हात जोडले आणि खाच मिटवली. मला तिचा राग आला नाही. राग यावा असं तिने काही केलंच नव्हतं. हेच सगळ्यांत वाईट होतं.

बारा वाजता लाइट आली. दोघे बसले. शिवकन्येने कॅसेट बसवली, बटण दाबलं. पडदा पांढराफटक. तिने कॅसेट काढून फुंकली, पुन्हा बसवली. पांढराच. तिसऱ्यांदा काढली तेव्हा कॅसेटच्या कडेला तिला भरड्याचा एक दाणा चिकटलेला दिसला. तिने बोट लावून पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात मिराबाई उभी होती, हात पदराला पुसत, हसतमुखाने.

शिवकन्येने तो दाणा ओढणीत पुसून घेतला.

‘‘काय झालं गं?’’ भीमसिंगने विचारलं.

‘‘जुना झाला, बा. गेला,’’ ती म्हणाली.

‘‘माझी पूजा चुकली का?’’ मिराबाईने विचारलं.

‘‘न्हाई, याडी. पूजेनं काय होतं?’’ शिवकन्या म्हणाली. आईला ती बंजारा बोलीत याडी म्हणे.

पाच वाजेपर्यंत लाइट होती. एकदाही गेली नाही. बापलेक पॅड हातात धरून बसून राहिले आणि त्या दिवशी दोघांना बोलायला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भीमसिंग मला बाळापूरला तातेराव मेकॅनिककडे घेऊन गेला. तातेरावांनी मला खोललं. आत मुंग्या झाल्या होत्या.

‘‘भीमसिंग, याच्यात लापशी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘दात गेले, पट्टी बी गेली. हे मॉडेल आता येऊन न्हाई राहिलं.’’

भीमसिंगला आधी हसू आलं. मग तो स्टुलावर बसला. म्हणाला, ‘‘घरी कोणाला सांगू नका, तातेराव. लग्नघर हाय. पोरीच्या आईला बिचारीला वाटंल, म्याच मोडलं.’’

अशा रीतीने ही गोष्ट बाप जाणत होता आणि लेक जाणत होती, पण एकमेकांचं एकमेकांना ठाऊक नव्हतं. दोघांचं ठाऊक असलेला मी एकटा, आणि मी मुका. दिवाळीनंतर शिवकन्या सासरी गेली. मी कोनाड्यात गेलो. धूळ बसली, वायरी कडक झाल्या. पण दर दसऱ्याला मिराबाई मला खाली काढते, पुसते आणि घास देते. तिची अशी समजूत आहे की त्या दिवशी एक घास कमी पडला. म्हणून दरवर्षी ती थोडी जास्तच लापशी घालते. आणि मला सांगते, पोरगी येईल तेव्हा तरी चालू हो.

२००८ ला पोरगी आली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून दसऱ्याला ती इथेच होती. भीमसिंगही घरी होता. मिराबाईने वाटीतून चांगला मुठीएवढा घास उचलला आणि माझी खाच उघडली.

शिवकन्येला राहवलं नाही. ‘‘याडी, त्याला घास देऊ नको.’’

‘‘काहून? उपाशी ठिवू का सणाला?’’

शिवकन्या बोलायला गेली आणि थांबली. तिने बापाकडे पाहिलं. भीमसिंग तिच्याकडेच पाहत होता. तीन वर्षांनी दोघांना एकमेकांचं कळलं. मिराबाई घास हातात धरून उत्तराची वाट बघत होती.

‘‘थोडाच दे,’’ भीमसिंग म्हणाला.

शिवकन्येने तोंड फिरवून ओढणी डोळ्यांना लावली. मिराबाईने अर्धा घास वाटीत परत ठेवला आणि अर्धा मला भरवला.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला काय सोसतं ते आधी कोणा जाणत्याला विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. आणि विचारायचं राहून गेलं अन् कोणाच्या मायेनेच ती वस्तू मोडली, तर मोडणाऱ्याला सांगायची घाई करू नका. मी आता चालू होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मिराबाईला ते ठाऊक नाही. तिला कळू नये असंच मला वाटतं, आणि तेवढंच माझ्या हातात उरलं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला फक्त कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.