दादाने उचललेला घण

दादा त्या कापडगिरणीत फिटर होता आणि धाकला विणकर. एक भाऊ माग चालवायचा, बिघडले की दुसरा दुरुस्त करायचा. गिरणीला टाळं लागून चौथं वर्ष सुरू झालं तेव्हा दादाने बिल्डरचं काम धरलं. विणकाम खात्याच्या उंच दगडी शेडमध्ये फ्लॅट व्हायचे होते. त्याआधी दोनशे माग फोडून भंगारात काढायचे होते.

धाकला आणि आणखी पाच विणकर शेडमध्ये ठाण मांडून बसले होते. माग जागेवर आहेत तोवर गिरणी पुन्हा सुरू करा म्हणून भांडता येईल, अशी त्यांची आशा.

एका सकाळी दादा दहा माणसं घेऊन आत आला. चार हमाल, बाकीचे बिल्डरने पाठवलेले गुंड. त्यांच्या म्होरक्याला सगळे टकल्या म्हणायचे. जागा रिकाम्या करून देणं हाच त्याचा धंदा, आणि हे काम तो हसतखेळत करायचा.

"धाकल्या, बाजूला हो," दादा म्हणाला.

"वाट बघ."

"माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"पोट तुला एकट्यालाच आहे वाटतं!"

दादाने घण उचलला आणि समोरच्या मागाच्या बिडाच्या चौकटीवर घातला. चौकट तडकली. वीस वर्षं धाकल्याने चालवलेला माग तो. दादाला हे चांगलं ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच त्याने सुरुवात तिथून केली.

धाकला त्याच्या अंगावर गेला. तेलकट फरशीवर दोघे भाऊ एकमेकांना धरून लोळले. धाकल्याच्या हाताला मागावरचा धोटा लागला, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला जड लाकडी धोटा. तो त्याने दादाच्या गालावर असा हाणला की गाल हाडापर्यंत उघडला. दादाने डोकं आपटून त्याचं नाक फोडलं. दोघांच्याही तोंडून शिव्या निघत होत्या, आणि सगळ्या त्यांच्या एकाच आईच्या नावाने.

"भावाभावांचं पुरे झालं की नाही?" असं म्हणत टकल्या पुढे झाला आणि त्याने हातातली पहार धाकल्याच्या गुडघ्यावर घातली. पाय भलत्याच बाजूला वळला. धाकला गुरासारखा ओरडला. पहार पुन्हा त्याच जागी बसली.

"बस कर!" दादा उठत म्हणाला. "बस म्हणतो ना!"

"तूच आणलंस ना आम्हाला?" टकल्या हसला आणि त्याने तिसऱ्यांदा पहार उचलली. या वेळी धाकल्याच्या डोक्यावर.

दादाने घण फिरवला. माग फोडताना लावला होता तेवढाच जोर लावून. टकल्या दोन मागांच्या मधल्या बोळात कोसळला. त्याच्या टाचा बराच वेळ फरशीवर आपटत राहिल्या. मग थांबल्या. हमाल, गुंड, विणकर सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. दादा मात्र पोलीस येईपर्यंत धाकल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला.

त्याने आठ वर्षं तुरुंगात काढली. धाकला एकदाही भेटायला गेला नाही. दादाच्या बायकोने निरोप धाडला, माझ्याकडे येऊ नका.

सुटल्यावर दादा सरळ गिरणीत गेला. उंच खिडक्या तशाच होत्या. आत मात्र तीन मजले उभे राहिले होते, लांब व्हरांडे, दारांवर नंबर. तळमजल्यावर धाकला पाय ओढत एका नळाशी खटपट करत होता. आता तो तिथला प्लंबर होता.

"सुटलास?" त्याने विचारलं.

"सुटलो. तू एकदाही आला नाहीस."

धाकल्याने पाना खाली ठेवला आणि दादाच्या कानाखाली आवाज काढला.

"तुझ्यासाठी मारलं मी त्याला!" दादा म्हणाला.

"माग फोडायला तू आलास. त्याला घेऊन तू आलास. आणि मारलंस म्हणे माझ्यासाठी! त्याची बायको इथेच फरशा पुसते. रोज तिच्या तोंडाकडे बघतोय मी. तिला दोन पोरी आहेत, माहीत आहे तुला?"

व्हरांड्याच्या टोकाला ती बादली घेऊन उभी होती. कोर्टात प्रत्येक तारखेला तिने दादाला पाहिलं होतं. ओळखायला वेळ लागला नाही. फरशी पुसायचा दांडा घेऊन ती धावत आली. खांद्यावर, कानावर, तोंडावर, दिसेल तिथे ती मारत सुटली. दादाचे दोन दात पडले. त्याने हात वर केला नाही. एक दार उघडलं, एका बाईने डोकावून पाहिलं आणि आतून कडी लावून घेतली. धाकला भिंतीला टेकून बघत राहिला.

दांडा मोडला. त्याचा टोकदार तुकडा तिने दादाच्या गळ्यावर धरला तेव्हा मात्र धाकल्याने तिचं मनगट पकडलं.

"वहिनी, आता नको. पोरींकडे कोण बघेल?"

"सोडा भाऊजी!"

"नाही सोडत."

झटापट करून ती दमली आणि ओल्या फरशीवरच बसली. दादाकडे न बघता म्हणाली, "तो काही देवमाणूस नव्हता. मलाही मारायचा. पण पोरींचा जीव होता त्याच्यावर. तुझं तोंड मला पुन्हा इथे दिसता कामा नये."

"नाही दिसणार," दादा म्हणाला. तोंडातल्या रक्तामुळे शब्द नीट उमटले नाहीत.

धाकला त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. खिशातलं फडकं काढून त्याने दादाच्या हातात दिलं.

"कुठे जाशील?"

"कुठेही. हात अजून चालतात माझे."

"त्याचीच भीती वाटते," धाकला म्हणाला. दादाने मान हलवली, फडकं तोंडाशी धरलं आणि तो रस्ता ओलांडून गेला. त्या दिवसानंतर दोघे भाऊ एकमेकांना भेटले नाहीत.

धाकला परत आला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून रक्त पुसत होती. त्याला वाकता येत नव्हतं. म्हणून बादली उचलून तो स्वच्छ पाणी आणायला गेला.