चाळीस थर

वकीलबाईंनी कागदावर सहा रकाने पाडले आणि तो माझ्यासमोर सरकवला. औषधपाण्याचा खर्च. बुडालेला पगार. इथून पुढे बुडणारा पगार. घरच्या माणसाने केलेली सेवा. वेदना. आणि शेवटचा, जगण्यातला आनंद गेला त्याचा.

"प्रत्येकाची भरपाई वेगळी मागायची," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन्हींचे कागद आहेत. शेवटचे दोन कोर्टाच्या मर्जीवर. आपली सगळी भिस्त तिसऱ्यावर."

"आणि चौथा माझा ना? अकरा महिने यांच्या शर्टाची बटणं मीच लावतेय."

"मागू या. पण त्यात फार नसतं, ताई."

बायकोचं राबणं कोर्टातही स्वस्तच, एवढं तरी मला कळलं.

मास्तर शेजारी डावा हात खिशात घालून बसले होते. मास्तर म्हणजे माझा नवरा. कपडे शिवायच्या कारखान्यातले कटिंग मास्तर, म्हणून सगळे मास्तर म्हणतात, मीही. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरायचे आणि विजेच्या पात्याने एका दमात कापायचे, हे त्यांचं काम. पात्यापुढची जाळी वेग कमी करते म्हणून मालकाने काढून ठेवली होती. पोलादी जाळीचा हातमोजा मागितला की 'पुढच्या महिन्यात'. मग एके दुपारी डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. उरला अंगठा आणि करंगळी. त्यातला अंगठाही दिवसेंदिवस आखडत चालला होता. दोन महिन्यांत ऑपरेशन करा, नाहीतर तोही कायमचा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डब्यातली शिल्लक, कपाट, माझ्या कानातलं, सगळं आधीच्या दवाखान्यात जिरलं होतं. ऑपरेशनचे पैसे आता भरपाईतूनच येणार होते; मी हात टेकले होते.

"मालकाच्या कंपनीचे डॉक्टर तपासायला बोलावतील," वकीलबाईंनी बजावलं. "जेवढं जमतं तेवढंच करा. शूरपणा नको."

मास्तरांनी मान डोलावली. मला तेव्हाच धास्ती वाटली, कारण घरी काय चाललंय ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी ते अंगठा आणि करंगळीत जुनं वर्तमानपत्र धरून कापत बसायचे. आधी कागद निसटायचा. मग निसटेनासा झाला. मी कपटे झाडत राहिले. अडवलं नाही, निदान ते रडत तरी नव्हते.

कंपनीच्या डॉक्टरने कापडाच्या दुहेरी घडीवर गोल आखला आणि कात्री दिली. कात्रीचा स्क्रू ढिला होता. मास्तरांनी आधी तो नखाने आवळला. झालं! मी खोकले, पदर सारखा केला, पाय आपटला. ते कुठले बघतायत! असा गोल कापला की नाणं ठेवून बघावं.

"वा!" डॉक्टर म्हणाला, आणि लिहिलं: उजवा हात उत्तम, डावाही कापड धरू शकतो, कापण्याचे काम करण्यास योग्य.

रस्त्यावर येताच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कशाला दाखवायची होती कला? कोणी बक्षीस देणार होतं? अंगठा जाईल आता, कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी डावा हात खिशात घातला. मग म्हणाले, "अकरा महिन्यांत कोणी वा म्हटलं नव्हतं गं."

मीही म्हटलं नव्हतं.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. तिसरा रकाना पाण्यात गेला होता. शेवटी त्यांनी एक वाट काढली: कोर्टाच्या माणसासमोर, खऱ्या टेबलावर, खरं काम करून दाखवायचं. "जमणार नाही हे सगळ्यांना दिसू दे. पण तिथे तुमचे जुने सोबती असतील. चालेल ना?"

"चालेल," मास्तर लगेच म्हणाले. इतके लगेच, की माझा जीव भांड्यात पडला. त्यांना एकदाचं पटलं, असं मला वाटलं.

त्या दिवशी कारखान्यात टेबलावर बाह्या कापायला चाळीस थर पसरले होते आणि पात्यापुढे जाळी होती. नवाकोरा हातमोजाही होता. मास्तरांनी तो डाव्या हातात चढवला. त्याची तीन बोटं रिकामी लोंबत होती. शिलाईची मशिनं थांबली, माणसं भिंतीलगत उभी राहिली. मी दाराशी मुठी आवळून मनात म्हणत होते, निसटू दे, देवा, कापड निसटू दे.

पातं सुरू झालं. तेव्हा मी मास्तरांचा चेहरा पाहिला आणि हादरले. ते हरायला आलेच नव्हते. जमेल, या खात्रीने आले होते.

कापतो उजवा हात, पण थर दाबून धरायचं सगळं काम डाव्याचं. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला वरचे थर सरकले. त्यांनी कोपराने दाबलं, मग छातीने. कापड बाजूला पळत होतं आणि पातं त्याच्यामागून वाकडं. कोणीतरी "मास्तर, राहू द्या" म्हणालं. त्यांनी ऐकलं नाही. शेवटच्या टोकापर्यंत कापलं, मशीन बंद केलं आणि एकेक थर उचलून पाहिला. चाळीसच्या चाळीस. एकही बाही दुसरीसारखी नव्हती.

कोर्टाचा माणूस भराभर लिहीत होता. वकीलबाईंनी माझा हात दाबला. "तिसरा रकाना आपला. अंगठा वाचला, ताई."

मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मीच मागितलं होतं हे.

मास्तर वाकडे तुकडे गोळा करून नीट घडी घालत होते, अंगठा आणि करंगळीने. घडी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून ते कोर्टाच्या माणसापुढे खाली मान घालून उभे राहिले.

"साहेब, चांगलं कापड होतं," ते म्हणाले. "मालकांना सांगा, याची भरपाई मी देईन."