गोंड्याची हजामत

बारामतीच्या शाळेतून निवृत्त होताना मोहनरावांनी प्रयोगशाळेतला गिनीपिग, गोंडा, घरी आणला होता. आता तो म्हातारा झाला होता आणि पोटावरचे केस जाऊन अगदी उघडा पडला होता.

"खरूज हाय ती! उद्या लेक तान्ह्या बाळाला घेऊन येतीय. आजच मळ्यात सोडून या त्या विलायती उंदराला," त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी बजावलं.

मळ्यात मांजरं होती. मोहनराव नखं कुरतडत पिंजऱ्याभोवती येरझारा घालत राहिले. आपल्याच हयगयीनं त्याला रोग झाला, हे काही मनातून जाईना. अखेर संकोचत त्यांनी शेजारच्या तात्याबांना बोलावलं. तात्याबांचा जन्म मेंढरं कातरण्यात गेलेला.

त्यांनी गोंड्याला उताणं धरून पोटावर अंगठा फिरवला. "केस झडल्यालं न्हाईत गुरुजी, कातरल्यात. खुंटं लागत्यात हाताला. मानेवर तोंड पोचत न्हाय, म्हणून तितलं शाबूत हायत. डांबून ठिवल्याली मेंढी अशीच सोताची लोकर खाती."

"मग खरूज न्हवं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"न्हाय वैनी. तुमचं मालक रिकामं बसून नखं खात्यात, तसंच ह्ये. दिसभर चघळाया हिरवा घास टाका, म्हंजी थांबंल."

मोहनरावांनी हात पाठीमागं लपवले आणि ते घासाची पेंढी आणायला मळ्याकडं निघाले.