पायरीपर्यंत पाणी

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे रामभाऊ," भीमराव म्हणाला. "रविवारी सकाळी घेऊन जा, संध्याकाळी सहाच्या पुढं आणून सोड. कुळगावला तुझ्या खोलीवर ठेव दोघींना."

रामभाऊनं चहाची बशी खाली ठेवली. "ठेव म्हणजे काय दाजी? त्या काय गॅसच्या टाक्या आहेत?"

"आवाज हळू."

अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या टपरीवर दोघं उभे होते. ब्याण्णव सालचा मे महिना, डांबराला चप्पल चिकटत होती. भीमराव केमिकल कंपनीत ऑपरेटर, रामभाऊच्या थोरल्या बहिणीचा, वेणूचा नवरा. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी तो टपरीवाल्याच्या स्टोव्हकडं बघून बोलत होता, रामभाऊच्या तोंडाकडं नाही.

भानगड अशी होती. भीमरावला दोन पोरी. धाकटी चिमी, बारावी झालेली, लग्नाची. थोरली शालन, तिशी गाठलेली. पाळण्यात असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून हातावर सरकत चालायची. आणि भीमरावची आई भिमाबाई, तिच्या अंगावरून वारं गेलेलं, ती खाटेवर. मागल्या दिवाळीत चिमीला बघायला कल्याणचे पाहुणे आले होते. पोहे खाल्ले, चहा प्याले, हसतखेळत गेले, आणि मागाहून निरोप धाडला, तुमच्यात पायाचं रक्तातच आहे वाटतं. आजीचे गेले, नातीचे गेले, उद्या हिच्या पोरांचं काय?

आता दुसरं स्थळ आलं होतं. पोरगा फॅक्टरीत परमनंट. रविवारी दुपारी तीनला बघायला येणार होते.

"फिक्स झालं की सांगूच की शालनचं," भीमराव म्हणाला. "लपवायचंय कुठं? नुसतं त्या दिवशी नजरेला नको."

"आणि चाळीतलं कोण बोललं तर?"

"चाळीत सांगून ठेवलंय सगळ्यांना."

म्हणजे सगळ्यांना माहीत. ज्या दोघींना घराबाहेर काढायचं, त्या तेवढ्या सोडून. रामभाऊला विडी पेटवावीशी वाटली, पण काडी काही पेटेना.

"कोंडून नाही ठेवणार मी," तो म्हणाला. "न्यायचंच तर चांगल्या ठिकाणी नेईन. शालीला तो खाडीपलीकडचा पार्क बघायचाय. पाळण्यांचा. टीव्हीवर लागतो तो."

"त्या दोघींना? पार्कात?" भीमराव हसला. मग रामभाऊ हसत नाही हे बघून गप झाला. "खर्च?"

"त्याचं मी बघतो. तुम्ही पोह्यांचं बघा."

रामभाऊ शाळेत चौथीपर्यंतच गेलेला. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या लखूमल शेटची मॅटाडोर चालवायचा, साड्यांचे गठ्ठे इकडून तिकडं. शालन साड्यांना फॉल लावायची, ते काम तोच दुकानांतून आणून द्यायचा. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. जे काय मायेचं होतं ते या भाचीवर.

त्यानं शेटला गाडी मागितली. शेट म्हणाला, "पिकनिक? तू? अरे ले जा, लेकिन डीझल तेरा. और सोमवार सुबह माल भरना है, उलटी-बिलटी की तो तू धोएगा."

मग रामभाऊ कामाला लागला. गाडीत धक्के बसू नयेत म्हणून कॅम्पातून चिंध्यांच्या गोण्या आणल्या, त्यांची गादी केली. विहारातली लोखंडी खुर्ची मागून घेतली, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, म्हणजे मागंपुढं धरून उचलता येईल. बायकांना मोकळं व्हायचं तर काय? त्यासाठी बादली, आणि आडोशाला जुनी चादर. आतलं खाणं परवडायचं नाही म्हणून भाकऱ्या, उकडलेली अंडी, सुकटीची चटणी वेणूनं करून द्यायची. सगळं डोक्यात बसवलेलं.

एवढं करूनही त्याला चैन पडेना, म्हणून बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला सकाळची वंदना आटोपून तो एकटा जाऊन जागा बघून आला. भर दुपारी खाडीवर पोचला. पाणी वरच्या पायरीला लागलेलं, बोटीचा काठ पायरीच्या बरोबरीनं. म्हातारीला खुर्चीसकट आत सरकवता येईल, गाडीत गठ्ठा सरकवतो तसं. पलीकडं जाऊन त्यानं आकाशपाळणा चालवणाऱ्याला गाठलं, अपंग माणूस आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, लागंल तेवढा वेळ थांबवतो काका, आणा तुम्ही.

रामभाऊ नदीकाठचा माणूस. कुळगावची उल्हास नदी सकाळी जिथं असते, संध्याकाळी तिथंच असते. पाणी आहे तिथंच राहणार, यात आणखी काय विचारायचं? त्यानं कुणाला विचारलंच नाही.

येऊन शालनला सगळं सांगितलं. ती दारापाशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, भिंतीला डोकं टेकून, मांडीवर पोपटी साडी. सुई थांबवून तिनं विचारलं, "पाळणा वर गेला की सगळेच बसलेले असतात ना रे मामा?"

"मग? वर उभं राहून कोण मरायचंय?"

"तेच म्हणते." ती परत फॉल टाचायला लागली. "वर सगळे सारखे."

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी मॅटाडोर निघाली. म्हातारी खुशीत होती. "रामा, समुद्र दिसंल का रं?"

"समुद्र नाही मावशी, खाडी. पण पाणी खारंच."

"खारं तर खारं. मला काय प्यायचंय?"

वेणू दारात उभी होती. तिनं शालनच्या केसांवरून हात फिरवला आणि आत पळाली. शालन तिच्या पाठीकडं बघत राहिली.

भिवंडी, घोडबंदर करत अकराच्या पुढं गाडी खाडीवर आली. रामभाऊ खाली उतरला आणि तिथंच थांबला.

पाणी नव्हतं. पायऱ्या खाली, खाली गेल्या होत्या, शेवाळानं हिरव्यागार, आणि त्यांच्यापुढं काळा चिखल. बोट लांब, चिखलाच्या त्या टोकाला. लोक चपला हातात घेऊन पायऱ्या उतरत होते, चिखलात टाकलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत जात होते, पोरं किंचाळत होती. पलीकडं आकाशपाळणा सावकाश फिरत होता.

"पाणी कुठं गेलं?" त्यानं कडेला सुकी मासळी घेऊन बसलेल्या कोळणीला विचारलं. बनूबाई तिचं नाव.

"भायेर गेलाय. ओहोटी हाय ना. आज अष्टमी."

"पौर्णिमेला तर इथं होतं! याच वेळेला!"

"पुनवेला दुपारचा भरतीच आसतंय. आठ दिवसांनी उलटा. तुमच्याकडं पानी जागचा हालत नाय काय?" ती हसली. मग गाडीतल्या दोघींकडं तिचं लक्ष गेलं आणि तिचं हसणं बंद झालं. "चारला येल वर. तवर बसा."

रामभाऊला ते पटेना. "चल शाले, पाठीवर बस," म्हणून त्यानं तिला पाठुंगळी घेतली. तिचे हात गाडी ओढणाऱ्यासारखे दणकट, गळ्याभोवती घट्ट. चार-पाच पायऱ्या उतरला असेल, पाय सटकला. दोघं बसल्या बसल्या घसरत चिखलात. शालनचं कोपर सोलवटलं, साडी मांडीपर्यंत वर गेली, ते काटकुळे पाय उघडे पडले. फळीवरची माणसं थांबून बघायला लागली. एक बाई आपल्या पोराचे डोळे झाकत होती.

बोटवाल्यानं लांबून ओरडून सांगितलं, "ओ काका, नाय घेनार हां! पडली तर आमच्या गळ्यात."

रामभाऊनं साडी खाली ओढली, तिला उचललं आणि वर आला. म्हातारी गाडीतून विचारत होती, "आली का बोट? एवढा चिखल दाखवायला आणलंस होय रं?"

शालन हसली. खरंच हसली, रक्त पुसत.

मग ऊन चढलं. मॅटाडोरचा पत्रा तव्यासारखा तापला. म्हातारीनं एक अंडं खाल्लं, पाणी प्याली, आणि एकच्या सुमारास सगळं ओकली. अंग गार पडलं, डोळे फिरवायला लागली. रामभाऊ घाबरला. बनूबाईनं दोघी-तिघींना हाक मारली, खुर्ची धरायला लावली आणि म्हातारीला आपल्या झोपडीच्या सावलीला नेलं. कपाळावर ओला फडका, मिठाची पेज चमच्यानं. बऱ्याच वेळानं म्हातारी कण्हली, "घरी न्या रं मला."

"नेतो मावशी. आत्ता नेतो." रामभाऊ किल्ली शोधायला लागला.

"मामा," शालन म्हणाली. ती जमिनीवर आजीच्या उशाशी बसली होती, पुठ्ठ्यानं वारा घालत. "आत्ता निघालो तर चारला पोचू."

"मग?"

"मग पोहे खात असतील ते."

रामभाऊचा हात खिशातच राहिला.

"कोण खात असतील?"

"कशाला रे म्हाताऱ्या माणसानं नाटक करायचं?" ती वारा घालतच होती. "चिमीच्या पोपटी साडीला फॉल कुणी लावला? आई म्हणाली, घाई आहे, शनिवारपर्यंत दे. आमच्यात घाईनं साडी कधी तयार होते? पोरीला बघायला येणार असले की. चाळीतली पोरं पण मला विचारत होती, ताई, तू रविवारी नाहीयेस ना?"

"तुला कळलं होतं तर आलीस कशाला?"

"तू खुर्चीला बांबू बांधत होतास. केवढा खूश होतास." तिनं आजीच्या तोंडावरची माशी हाकलली. "आणि पाळणा होता ना. म्हटलं, बाहेर काढतायत तर निदान एकदा वर तरी जाऊन येऊ."

रामभाऊ उकिडवा बसला. खोकला आल्यासारखं करत बसला.

"आजीला काय झालं तर, शाले?"

"झालं तर माझ्यामुळं. तुझ्यामुळं नाही. पण चिमीचं मी मोडणार नाही. एकदा मोडलंय ना माझ्यानं." तिनं पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "डॉक्टर कुठं आहे का विचार. घरी नको."

बनूबाईनं नाक्यावरच्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं इंजेक्शन दिलं, म्हणाला, ऊन बाधलंय, हलवू नका इतक्यात. म्हणजे तोही तेच म्हणाला.

ते बसून राहिले. पलीकडं पाळणा फिरत होता, गाणी वाऱ्यावर तुटक ऐकू येत होती. पाणी कधी यायला लागलं ते रामभाऊला कळलं नाही. चिखलातल्या फळ्या हलायला लागल्या, मग एकेक पायरी बुडत गेली. चारच्या पुढं बोट वरच्या पायरीला येऊन लागली, दणकन. तोच बोटवाला, आता मऊ आवाजात म्हणाला, "चला काका, आणा ताईला. आता कायपन त्रास नाय."

म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती. बनूबाई म्हणाली, "जा गं पोरी, मी बसतंय हिच्यापाशी."

रामभाऊनं शालनकडं बघितलं. शालन पाण्याकडं बघत होती, मग पाळण्याकडं.

"नको," ती म्हणाली. "आजी उठली आणि कुणीच दिसलं नाही तर? चल मामा, गाडी लाव. आता निघालो तर बरोबर पोचतो."

बनूबाईनं जाताना मूठभर सुकट कागदात बांधून दिली.

अंबरनाथला पोचायला सात वाजून गेले. घरात पोह्यांचा आणि उदबत्तीचा वास. चिमीचे डोळे रडून सुजलेले, पण भीमरावच्या तोंडावर हसू. "जमलं रामभाऊ! त्यांना पोरगी पसंत. महिन्याभरात उरकू म्हणाले."

रामभाऊनं म्हातारीला खाटेवर ठेवलं. वेणूनं सासूच्या कपाळाला हात लावला आणि ती एकदम ओरडली, "काय केलंस रे आईंचं?" शालन हातावर सरकत आपल्या जागी निघाली आणि मधेच थांबली.

तिची हातमशीन नव्हती, पाट नव्हता, कामाच्या साड्यांचं गाठोडं नव्हतं. सगळं शेजारी नेऊन ठेवलं होतं. आणि भिंतीवर जिथं ती वर्षानुवर्षं डोकं टेकायची, तिथं तिच्या केसांच्या तेलाचा काळा डाग पडलेला, त्यावर वाण्याकडचं कॅलेंडर ठोकलं होतं. कमरेच्याही खाली. एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावतं, हे पाहुण्यांनी विचारलं नसावं.

"विचारलं त्यांनी," भीमराव रामभाऊला बाजूला घेऊन म्हणाला. "मुली किती म्हणून. तोंडातनं गेलं, एकच. आता मागं कसं घ्यायचं?"

"मग लग्नात?"

भीमराव परत कुठंतरी दुसरीकडं बघायला लागला. "जूनचा दुसरा रविवार धरलाय. हॉलवर सगळी त्यांची माणसं असणार. म्हातारीचं बघू. पण शालनला... त्या दिवशी पण तुझा तो पार्क जमतो का बघ."

रामभाऊचा हात वर गेला होता. वेणू मधे आली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. "रामा, हात जोडते. पोरीचं लग्न आहे," ती म्हणाली. आणि 'पोरीचं' म्हणताना तिच्याही मनात एकच पोरगी होती, हे तिचं तिलाच कळलं, तशी ती तोंडावर पदर घेऊन खाली बसली.

खाटेवर म्हातारीचा श्वास तेवढा घुरघुरत होता.

शालन कॅलेंडरपाशी पोचली होती. ते तिच्या बरोबर तोंडासमोर आलं होतं. चिखल लागलेल्या बोटानं तिनं पान उलटलं, तारखेखालचं बारीक छापलेलं वाचलं.

"दुसरा रविवार म्हणजे पौर्णिमेच्या आदला दिवस आहे, मामा," ती म्हणाली. "दुपारी पाणी पायरीपर्यंत असेल."