वरचा दात

साखऱ्याची शालूबाई हल्ली लेकराला कुणाच्या मांडीवर देत नव्हती. कुणी हात पुढं केला की पदर ओढायची. "दूध पिऊन राहिलं," म्हणायची.

लेकराला वरचा दात आधी फुटला होता, तांदळाच्या कणीएवढा. वरचा दात आधी आला की मामाच्या जिवावर उठतो, असं सारी मोगलाई मानायची. असला दात मुळासकट उपटत. आणि लेकराचा मामा, शालूबाईचा भाऊ तातेराव, तिकडं शिरड शहापुरात तापानं अंथरुणाला खिळलेला.

अशात भर उन्हात तातेरावाची बायको दारात उभी राहिली. शालूबाई झोळीपुढं सरकली.

"गोजरवैनी! काहून आल्या अचानक?"

"भाच्याला पाहाया परवाना लागतो का?"

शालूबाईनं पाणी दिलं, गूळ दिला, पण झोळीपुढून हलली नाही. झोका देत गाऊ लागली,

*झोप झोप रे राजसा, पापणीला लाव कडी*
*तुझ्या मामाच्या गावाची, दूर राहू दे रे गाडी*

"मी तर पायी आले, वन्सं," गोजरबाई म्हणाली.

तिच्या मुठीत काळा दोरा होता. करदोट्याचा म्हणावा, तर एवढा बारीक? तेवढ्यात लेकरू जागं झालं आणि मामीला पाहून खुदकन हसलं. तोंड उघडलं, कणी चमकली.

गोजरबाईनं मुठीतला दोरा बोटाला गुंडाळला.

"दात उपटाया वैदीन आनलीय मी. भाईर बसलीय."

"हात लावू देनार न्हाई!"

"मंग माझं कुंकू पुसू देतीस?"

शालूबाईच्या हातून झोळीची दोरी सुटली. गोजरबाईनं झोळीत हात घातला, हिरडीवर बोट टेकवलं. लेकरानं ते बोट धरलं आणि कणीनं करकचून चावलं.

"अगाई! बराबर मामावर गेलाय मेला." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. बोट तिनं काढलं नाही. लेकरानंच सोडलं, तेव्हा ती उठली. "वैदिनीला सांगते, दात अजून आलाच न्हाई म्हून. पन त्यायचं बरंवाईट झालं, तर मला तोंड दावू नको."

ती अंगणात उतरली. शालूबाईनं कडी लावली आणि दाराला कान लावला. बाहेर दोघी कुजबुजल्या. परत तर येत नाहीत? मग वैदिनीची आरोळी उठली, "जळवा लावनार, दात काढनाऽर..." आणि लांब लांब जात विरली.

तेव्हा कुठं तिनं कडी काढली. पांदीच्या गाडीवाटेपर्यंत अनवाणी धावली.

"वैनी, थांबा! भाऊ कसा हाय, ते विचारलंच न्हाई मी."